तीन अंशांवर गोठणारं पान

अलाहाबादेत भर हिवाळ्यातसुद्धा पाणी आपसूक गोठत नाही. तरीही अठराव्या शतकात तिथे थंडीच्या दिवसांत बर्फ तयार व्हायचा, तोही कुठल्याही यंत्राशिवाय. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याची कृती छापली. मोकळ्या माळावर तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे घ्यायचे. तळाशी उसाची वाळकी चिपाडं नाहीतर मक्याची धाटं वीतभर जाडीने पसरायची. त्यांवर सच्छिद्र मातीची उथळ, पसरट भांडी ओळीने मांडायची आणि सांज झाली की त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. सूर्य उगवायच्या आत माणसं येऊन बर्फ गोळा करून न्यायची. अलाहाबादेत नैसर्गिक बर्फ आपण कधी पाहिला नाही, असं बार्कर स्वतःच सांगतो. मात्र या खड्ड्यांत बर्फ जमायचा. अट एकच, आकाश निरभ्र हवं आणि वारा पडलेला हवा.

आता तिथून थेट अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या एखाद्या उपनगरात या. मे महिन्याचा पहिला आठवडा आहे. दिवसा छान ऊन पडलेलं. कुणीतरी उत्साहाने टोमॅटोची आणि मिरचीची रोपं वाफ्यात लावली आहेत. रात्री आकाश स्वच्छ झालं, वारा थांबला. पहाटे हवामान केंद्रावर नोंद झाली तीन अंश सेल्सिअसची. शून्य नव्हे, तीन. आणि सकाळी बघावं तर टोमॅटोची पानं काळपट, ओली, उकडल्यासारखी मान टाकून पडलेली. अलाहाबादच्या भांड्यात जे घडलं तेच इथे पानात घडलं, आणि थंड देशांतल्या भाजीपाल्याचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती बांधलेलं असतं.

हे कसं घडतं, याचा छडा १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने लावला. अमेरिकेत जन्मलेला आणि लंडनच्या रुग्णालयात काम करणारा हा गृहस्थ रात्री-अपरात्री एका बागेत जाऊन गवतावर लोकरीचे छोटे पुंजके ठेवायचा. प्रत्येक पुंजका आधी तोललेला. सकाळी पुन्हा तोलायचा, वाढलेलं वजन म्हणजे त्यावर पडलेलं दंव. मग त्याने चार पायांची एक फळी उभी केली. एक पुंजका फळीच्या वर ठेवला, एक फळीच्या खाली चिकटवला. हवा तीच, बाग तीच, रात्र तीच. पण वरच्या पुंजक्यावर खालच्यापेक्षा कितीतरी जास्त दंव जमलं. दंव वरून पडत असेल, तर फळीवर जास्त पडणारच, असं कुणी म्हणेल. वेल्स तिथे थांबला नाही. त्याने तापमापक ठेवून पाहिले आणि ज्या वस्तूसमोर उघडं आकाश आहे तीच जास्त थंड होते, हे दाखवून दिलं. दंव पडत नाही. वस्तू आधी थंड होते आणि मग हवेतली वाफ तिच्यावर जमते.

प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते. आपण, भिंत, दगड, पान, सगळेच. दिवसा ऊन त्याची भरपाई करतं. रात्री भरपाई करायला उरतं ते फक्त वरचं आकाश. ढगाळ रात्री ढग गोधडीसारखं काम करतात, खालून आलेली ऊब खाली परत पाठवतात. पण कोरड्या, निरभ्र रात्री पानाने वर टाकलेली उष्णता बहुतांश परत येतच नाही. पान तर चपटं आणि पातळ. त्यात साठवलेली ऊब ती किती असणार! म्हणून ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होत जातं. शिवाय हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या झरोकेदार पेटीत असतो. जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी गार असते. तापमापक तीन दाखवतो तेव्हा वाफ्यातलं पान शून्याखाली गेलेलं असू शकतं. मग पानावरचं दंव गोठून पांढरंशुभ्र दहिवर दिसतं. हवा फारच कोरडी असेल तर पांढरं काही दिसतही नाही आणि तो प्रकार जास्त वाईट, कारण दंव जमताना, गोठताना जी थोडी उष्णता बाहेर पडते तीही पानाच्या वाट्याला येत नाही.

हे आपल्यालाही अगदी परकं नाही. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठावर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दंव गोठतं आणि त्या सकाळी गावातलं अधिकृत तापमान मात्र शून्याच्या बरंच वर असतं. वाचणाऱ्याला वाटतं, बातमीत काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं. तापमापक हवेचं सांगतो, दंव पानाचं सांगतं. त्यात तलाव खोलगट भागात. थंड हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून खाली वाहते आणि सखल जागी साचते.

साचते म्हणजे किती, याचं एक टोकाचं उदाहरण ऑस्ट्रियात आहे. लुन्झ गावाजवळच्या डोंगरात ग्श्टेटनरआल्म नावाचा एक वाडग्यासारखा खळगा आहे. १९३२ साली त्याच्या तळाशी उणे ५२.६ अंशांची नोंद झाली. डोंगरात आपण जसजसे वर जातो तसतशी झाडं खुरटत जातात आणि शेवटी नुसतं गवत उरतं, हा आपला अनुभव. या खळग्यात तो उलटा होतो. वर काठावर झाडं, खाली उतरावं तशी ती खुजी होत जातात आणि तळाशी फक्त गवत. तिथल्या झाडांनी थंड हवेची पातळी जणू आखूनच दाखवली आहे.

परसातल्या वाफ्यालाही हाच नियम लागू. शेजारी-शेजारी दोन घरं, एक चढावर आणि एक उताराच्या पायथ्याशी, तर दोघांच्या टोमॅटोचं नशीब एकाच रात्री वेगळं असू शकतं. कुंपणाची भरीव भिंत उताराला आडवी घातली तर तिच्यामागे थंड हवा तुंबते. दक्षिणेला तोंड असलेल्या विटांच्या भिंतीपाशी दिवसाची ऊब रात्री परत मिळते. मिशिगन सरोवराच्या काठावर दहिवराचा मोसम लवकर संपतो, आत उपनगरांत तो रेंगाळतो.

मग कॅलेंडरवर लिहिलेली ‘शेवटच्या दहिवराची तारीख’ ही काय चीज आहे? अमेरिकेत ती तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. सध्या १९९१ ते २०२० ही वर्षं धरली जातात. प्रत्येक वसंतातला शून्याखालचा शेवटचा दिवस शोधायचा, सगळे दिवस ओळीने लावायचे आणि मधला घ्यायचा. म्हणजे निम्म्या वर्षांत दहिवर त्या तारखेआधी संपलं आणि निम्म्या वर्षांत त्यानंतरही येऊन गेलं. ही गोष्ट बियांच्या पाकिटावर कुणी छापत नाही, आणि मला वाटतं सगळे घोटाळे इथेच होतात. लोक ती तारीख सुरक्षित म्हणून वाचतात. ती छापा-काटा आहे. हवामान संस्थेच्या तक्त्यांत दहा टक्क्यांची तारीखही असते. तिच्यानंतर दहिवर येण्याची शक्यता दहा वर्षांत एकदा. शिकागो भागात या दोन तारखांचा पल्ला साधारण एप्रिलअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत जातो. कुठली तारीख पाळायची, हे तुम्ही काय लावता त्यावर ठरतं.

मटार, पालक, मुळा, कांदा, लेट्यूस ही मंडळी थंडीला भीत नाहीत. मटाराचं बी पाच अंशांच्या मातीतही हळूहळू रुजतं. बर्फ वितळून जमिनीला वापसा आला की, म्हणजे शेवटच्या दहिवराच्या चार-सहा आठवडे आधीच, ते पेरतात. आपली मेथी आणि कोथिंबीरही याच गटातली. उलट कोथिंबिरीला उकाडाच सोसत नाही, ती लगेच फुलावर जाते. कोबी, ब्रोकोलीची रोपं दोन-चार आठवडे आधी जमिनीत जातात. टोमॅटो मात्र दहिवर संपल्यावर. आणि वांगी, मिरची, भेंडी, गवार, दुधी, कारली यांना त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे थांबायला लावायचं, कारण त्यांना गोठणं दूरच, नुसता गारठाही बाधतो. दहा अंशांखाली त्यांची पेशींची आवरणं नीट काम करेनाशी होतात. भेंडीचं बी गार, ओल्या मातीत रुजायच्या ऐवजी कुजतं. अमेरिकेतल्या मराठी घरांत एप्रिलमध्येच भेंडी टोकायची घाई होते, कारण आपल्या मनातलं एप्रिल हे भाजून काढणारं एप्रिल असतं. तिथल्या मातीचं एप्रिल वेगळं आहे. वांगी-मिरचीची रोपं म्हणूनच आठ-दहा आठवडे आधी घरात, खिडकीपाशी किंवा दिव्याखाली करतात आणि बाहेर लावण्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ अंगणात ठेवून त्यांना वाऱ्या-उन्हाची सवय लावतात.

तारखा नव्हत्या तेव्हाही माणसं पेरत होतीच. जर्मनीत मे महिन्यातल्या ११ ते १५ तारखांचे संत ‘बर्फाचे संत’ म्हणून ओळखले जातात. शेवटची ‘गारठलेली सोफी’ १५ मे रोजी येते आणि ती गेल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर काढायची नाहीत, असा रिवाज आहे. गंमत अशी की हा रिवाज १५८२ च्या कॅलेंडर-बदलाच्या आधीचा आहे. त्या वेळी दहा दिवस गाळले गेले, त्यामुळे जुन्या हिशेबाने बघितलं तर सोफी आज मेच्या शेवटाकडे सरकायला हवी. कॅनडात व्हिक्टोरिया डेची सुट्टी, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन, हे तसेच लोकांनी धरलेले मुहूर्त. आपल्याकडे शेतकरी रोहिणी आणि मृग धरून पेरणीची तयारी करतो, तेही सूर्याच्या गतीला बांधलेलंच. फरक एवढाच की आपण पावसाची वाट पाहतो आणि ते थंडीच्या निरोपाची.

पण तारखेपेक्षा जास्त शहाणी एक पद्धत आहे, आणि ती झाडांना विचारण्याची. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की मका पेरावा, हे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून आलेलं ज्ञान म्हणून न्यू इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लायलॅक नावाचं जांभळ्या, सुगंधी तुऱ्यांचं झुडूप आहे. त्याची पानं उंदराच्या कानाएवढी दिसली की मटार-लेट्यूस, आणि तुरे पूर्ण फुलले की घेवडा नि काकडी. हे चालतं कारण झाड कॅलेंडर बघत नाही. हिवाळ्यानंतर त्याला किती ऊब मिळाली याची ते बेरीज करत राहतं आणि ठरावीक बेरीज झाली की डोळे उघडतं. त्याच बेरजेवर मातीही तापत असते.

अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स याने १९१८ साली याला एका सूत्रात बसवलं. उत्तरेला एक अक्षांश, पूर्वेला पाच रेखांश किंवा चारशे फूट उंची, यांतलं काहीही एक ओलांडलं की वसंत सुमारे चार दिवस उशिरा येतो. सेंट लुईसहून शिकागोला गेलात तर सव्वातीन अक्षांश, म्हणजे वसंत जवळपास दोन आठवडे मागे. वसंत जमिनीवरून किती वेगाने चालत जातो हे मोजता येतं, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. पुढे १९५० च्या दशकात मोंटाना राज्यात जोसेफ कॅप्रिओ याने बागकाम करणाऱ्या हौशी लोकांना पत्रं पाठवून लायलॅक कधी फुलला ते कळवायला सांगितलं. त्यातून नोंदींचं जाळं विणलं गेलं आणि नंतर तर मुद्दाम एकाच झाडाच्या कलमांपासून केलेली लायलॅकची झुडपं ठिकठिकाणी लावली, म्हणजे फरक दिसला तर तो हवेचाच असणार, वाणाचा नाही.

आणि याच लायलॅकवर एक असा जीव राहतो की त्याची गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झालो. शुद्ध पाणी शून्यावर गोठतंच असं नाही. अगदी स्वच्छ, बारीक थेंब उणे अडतीस अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूप राहू शकतो. बर्फाचा पहिला कण बसायला काहीतरी आधार लागतो. पानावर तो आधार बऱ्याचदा एक जिवाणू पुरवतो. रोगट लायलॅकवरून तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला, म्हणून लायलॅकच्या शास्त्रीय नावावरून, ‘सिरिंगा’वरून, त्याचं नाव पडलं स्यूडोमोनास सिरिंगी. त्याच्या आवरणावर एक प्रथिन असतं. ते पाण्याच्या रेणूंना बर्फातल्यासारखं रांगेत उभं करतं आणि उणे दोन अंशांच्या आसपासच पाणी गोठायला लावतं. हा जिवाणू नसता तर तेच पान आणखी दोन-तीन अंश गारठा न गोठता सोसू शकलं असतं. बर्फाने पेशी जखमी झाल्या की त्यातला रस जिवाणूला खायला मिळतो. जे झुडूप दहिवर संपल्याची खूण म्हणून आपण बघतो, त्याचंच नाव दहिवर घडवणाऱ्याला मिळालेलं!

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे स्टीव्हन लिंडो यांनी या जिवाणूतलं ते प्रथिन घडवणारं जनुक काढून टाकलं. असा निर्धोक जिवाणू पानांवर आधीच फवारला तर बर्फ घडवणाऱ्याला जागा उरणार नाही, असा त्यांचा विचार. १९८७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या आणि बटाट्याच्या शेतांत त्याची चाचणी झाली. जनुकबदल केलेला जीव सरकारी परवानगीने उघड्यावर सोडण्याची ती पहिली वेळ. विरोधकांनी शेतांत घुसून रोपं उपटली. तो फवारा बाजारात रुळला नाही. मूळ जिवाणूचं प्रथिन मात्र आज स्कीच्या उतारांवर कृत्रिम बर्फ पाडायला वापरतात.

पानाच्या आत काय होतं तेही बघण्यासारखं आहे. बर्फ आधी पेशींच्या आत नव्हे, पेशींच्या मधल्या जागेत जमतो. बर्फ पाणी ओढतो, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर येऊन त्या बर्फाला मिळत जातं आणि पेशी आतून सुकते. म्हणजे गोठलेलं टोमॅटोचं पान एका अर्थी तहानेने मरतं. पालक, गाजर, केल यांनी यावर उपाय काढला आहे. थंडी पडू लागली की ते पेशीतली साखर वाढवतात. साखरेचं पाणी सहजी गोठत नाही आणि सहजी बाहेरही ओढलं जात नाही. म्हणून दोन-चार दहिवरं खाल्लेलं गाजर उन्हाळी गाजरापेक्षा गोड लागतं.

म्हणून शरद ऋतूतला हिशेब उलटा करायचा. शिकागो भागात पहिलं दहिवर साधारण ऑक्टोबरच्या मध्याला येतं. तिथून पाकिटावरचे तयार होण्याचे दिवस मागे मोजायचे आणि त्यात आणखी दोन आठवडे मिळवायचे, कारण दिवस लहान होत जातात तसं पीक रेंगाळतं. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की वाढ जवळपास थांबतेच. मेन राज्यात हिवाळाभर भाजी पिकवणाऱ्या एलियट कोलमन यांनी आपलं सगळं वेळापत्रक त्या दहा तासांवर बसवलं आहे. लसूण मात्र ऑक्टोबरमध्येच लावून ठेवायचा, त्याला पाकळ्या धरायला थंडीच लागते. आणि कढीपत्त्याची कुंडी पहिल्या दहिवराच्या आधी घरात. परदेशातल्या मराठी घरांत ही तारीख कुणी विसरत नाही.

दहिवराची एखादी रात्र नेमकी अंगावर आलीच, तर उपाय साधे आहेत आणि त्यांमागचं शास्त्र वेल्सच्या फळीचंच. संध्याकाळी, जमीन अजून कोमट असताना, रोपांवर जुनी चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी घालायची. तिने पान आणि आकाश यांच्यात आडोसा होतो. प्लॅस्टिक पानाला टेकलं तर तिथे पान गोठतं, म्हणून कापड बरं. सकाळी चादर काढायची. कोरड्या मातीपेक्षा ओली माती जास्त ऊब धरते, म्हणून दुपारी पाणी द्यावं. मोठ्या बागांत तर गोठण्याच्या वेळी पिकावर तुषार सिंचन चालू ठेवतात. वेडेपणा वाटतो, पण एक लिटर पाणी गोठताना जी उष्णता सोडतं तिच्यात तेवढंच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. पाणी गोठत राहतं तोवर पान शून्याच्या आसपास टिकतं. फवारा मध्येच थांबला तर मात्र नुकसान ठरलेलं. आपल्याकडे निफाडला पारा घसरला की द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात, ते याच लढाईतलं.

जग तापतंय, तर हा त्रास संपेल असं वाटणं साहजिक आहे. दहिवराविना जाणारा काळ बऱ्याच ठिकाणी लांबला आहेच. पण धोका तेवढ्याने कमी होत नाही. मार्च ऊबदार गेला की झाडांची ती बेरीज लवकर पूर्ण होते, कळ्या फुटतात, आणि एप्रिलमधली एकच निरभ्र रात्र सगळं घेऊन जाते. २००७ च्या ईस्टरला अमेरिकेच्या पूर्व भागात असंच झालं, २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत असंच झालं.

तेव्हा छापील तारीख सुरुवात म्हणून घ्या, पण तिच्यावर सगळं सोपवू नका. किमान तापमान दाखवणारा एक साधा तापमापक वाफ्यात, पानाच्या उंचीवर, वर झाकण न घालता ठेवा. त्याचे आकडे आणि हवामान केंद्राचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. दोहोंतला फरक हा तुमच्या अंगणाचा स्वतःचा आकडा आहे आणि तो दुसरं कुणी तुम्हाला सांगू शकत नाही. भेंडी टोकायच्या आधी मातीचं तापमान बघा. अठरा अंशांच्या खाली असेल तर बी पाकिटातच राहू द्या.